वाफेच्या छोट्या इंजिनाचा सुटा भाग: ब्रिटनमधून मागवायचा की वाळूजला लेथवर करून घ्यायचा?

खऱ्या वाफेवर चालणारं मॉडेल इंजिन घरी दुरुस्त करायचं तर मराठवाड्यात तीन वाटा आहेत: ब्रिटनमधून तयार भाग मागवणं, वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेणं, किंवा बेअरिंग-ऑइल सीलच्या दुकानात जुळतं काही शोधणं. नुसती किंमत बघून ठरवू नका. भाग वाफ अडवून धरणारा आहे की नुसता हलणारा, हे आधी बघा.

सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की वाफ सोडून देणारी झडप, बाहेरूनच मागवा. लेथवाला बॉडी हुबेहूब करून देईल, पण स्प्रिंग किती दाबाला उचलेल हे तो सांगू शकत नाही, आणि कडक स्प्रिंग बसली तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारच नाही. बॉयलरचे बुशही (ज्यांत बाकीचे भाग बसतात त्या आटेदार कड्या) गनमेटल किंवा ब्राँझचेच हवेत. साध्या पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. बॉयलरची दुरुस्ती केली असेल तर तो पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने चालू दाबाच्या दुप्पट दाब द्या. ही चाचणी हवेने कधीच करू नका.

क्रँकपिन, कनेक्टिंग रॉडचे बुश, लहान पिना यांसाठी मात्र लेथच बरा. इथे घोळ होतो तो मापाचा. लेथवाले अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे १/८ इंच, ३.१७५ मिमी. ३ मिमीच्या पिनेला ‘एक सूत भोक’ पाडलं की ०.१७५ मिमी खेळ (मोकळी फट) राहतो आणि रॉड पहिल्या दिवसापासून खडखडतो. म्हणून तोंडी माप सांगू नका. पिन सोबत न्या आणि खेळ ०.०२ ते ०.०३ मिमी हवा असं कागदावर लिहून द्या. कोलेट, म्हणजे बारीक जॉब चारी बाजूंनी सारखा धरणारी पकड, आहे का, तेही विचारा. तीन जबड्यांच्या जुन्या चकमध्ये इतका बारीक जॉब वाकडा फिरतो. वेळ मशीन लावण्यातच जातो, तेव्हा एकाऐवजी चार नग करून घ्या.

ओ-रिंग, म्हणजे वाफ गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी, गावातच मिळते, फक्त मटेरियल विचारून घ्या. २ बार दाबाची वाफ साधारण १३३ अंशांवर असते. दुकानात सहसा पुढे केली जाते ती नायट्राइलची रिंग त्या उष्णतेत कडक होऊन तडकते, उष्णता सोसणारं व्हिटॉन रबर मागा. जुनी रिंग फुगलेली किंवा चपटी झालेली असते, म्हणून माप खाचेचं आणि रॉडचं घ्या. पिस्टन रॉडच्या ग्लँडला (रॉड बाहेर येतो तिथल्या वाफ अडवणाऱ्या जागेला) ओ-रिंग नसेल तर पीटीएफई (टेफ्लॉन) टेपची पीळ दिलेली दोरी पुरते.

स्क्रूच्या बाबतीत घाई महागात पडते. ब्रिटिश मॉडेलवर बहुधा बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाचे आटे असतात. ६ बीए स्क्रू २.८ मिमीचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.५३ मिमी, हार्डवेअरच्या दुकानातला एम३ स्क्रू ३ मिमीचा, पिच ०.५. दिसायला सारखेच. एम३ फेराभर आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की पितळेचे आटे मरतात. व्हर्नियरने दहा आटे एकत्र मोजा: ५.३ मिमी आले तर ६ बीए, ५ आले तर एम३.

एका स्क्रूसाठी पार्सल मागवलं तर स्क्रूपेक्षा टपालखर्च जास्त होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह मागवाल तेव्हाच ६ आणि ८ बीएचे टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) त्यात घाला. पुढचे स्क्रू पितळी सळईतून इथेच करता येतील.