चिठ्ठ्या की लॅपटॉप? जेनेटिक अल्गोरिदमची कार्यशाळा भरवताना

उत्क्रांती संगणनाच्या परिषदेत जेनेटिक अल्गोरिदम (बरीच कच्ची उत्तरं घेऊन, पिढीमागून पिढी त्यातली सरस निवडत-मिसळत जाणारी पद्धत) शिकवायला दीड तासाचं सत्र मिळालंय, समोर 36 जण असणार आहेत आणि नुसतं व्याख्यान झोडायचं नाही, एवढं ठरलं की वाटा दोनच उरतात. एक, सगळ्यांच्या लॅपटॉपवर कोलॅबची (ब्राउझरमध्ये कोड चालवायची गूगलची सेवा) नोटबुक आणि पायथनची डीईएपी ही अशा अल्गोरिदमसाठीची लायब्ररी. दुसरी, सहा टेबलं, टेबलामागे सहा माणसं आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. खालचं सगळं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या एखाद्या कॉलेजचा हॉल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. पुण्या-मुंबईतल्या वातानुकूलित लॅबमध्ये गणित थोडं बदलेल.

लॅपटॉपच्या बाजूचे फायदे उघड आहेत. पण अडतं ते फार क्षुल्लक जागी. डीईएपीमध्ये फिटनेस फंक्शनने (उत्तराला गुण देणारा कोड) टपल (मूल्यांची यादी, मूल्य एकच असलं तरी) परत करावा लागतो, म्हणजे रिटर्नच्या ओळीत शेवटी एक स्वल्पविराम हवाच. वेट्समध्येही (गुण वाढवायचे की कमी करायचे ते सांगणारी ओळ) 1.0 नंतर तोच. हा स्वल्पविराम नजरेतून सुटतो आणि एरर येते ती भलतीच काहीतरी सांगणारी. नोटबुकमधला क्रिएटरचा (डीईएपीसाठी क्लास बनवणारा) सेल दुसऱ्यांदा चालवला की ‘हा क्लास आधीच तयार झाला आहे’ अशी ताकीद झळकते. ती निरुपद्रवी असते, पण नवखा माणूस तिथेच हात वर करतो. मदतनीस एका लॅपटॉपवर वाकला की बाकीची रांग थांबते. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करायचं म्हटलं तर नमपाय या गणिती लायब्ररीची फाइल ज्याच्या-त्याच्या पायथन आवृत्तीशी आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी जुळावी लागते. पावसाळ्यात वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतात, राउटर मात्र बसतो. त्याला वेगळा यूपीएस लावणं आयोजकांच्या यादीत सहसा नसतंच.

ही सगळी दुखणी तयारीने आटोक्यात येतात. माझा कौल चिठ्ठ्यांच्या बाजूने ज्यावरून ठरला ती गोष्ट वेगळी आहे: ‘रन ऑल’. नोटबुक सुरळीत चालली की एका क्लिकवर 100 पिढ्या एक-दोन सेकंदांत संपतात आणि पडद्यावर आलेख उमटतो. रेघ वर चढते, मग सपाट होते. ती सपाट का झाली, हे कोणी विचारत नाही. उत्तर मिळालेलं असतं, हॉल गप्प. लोकसंख्येतली (एका पिढीतल्या सगळ्या उत्तरांतली) विविधता नेमकी कुठल्या पिढीत आटली, हेच शिकवायचं होतं आणि तेच डोळ्यांआड झालं.

चिठ्ठ्यांवर ते लपत नाही. मांडणी अशी: ए-फोर आकाराचा जाड पुठ्ठा आडवा कापून आठ पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर दहा चौकोन. एक पट्टी म्हणजे एक उत्तर, एका पिढीत आठ पट्ट्या. टेबलामागे 80 पट्ट्या धरल्या तर एकूण 60 पुठ्ठे. समस्या नॅपसॅकचीच (ठरावीक वजनात जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायची) घ्यावी. टेम्पोत हापूसच्या पेट्या, काजूगर, कोकम, फणस, सुकट असा दहा प्रकारचा माल चढवायचा. चौकोनात 1 म्हणजे घेतला, 0 म्हणजे ठेवला. वजन-किमतीचा तक्ता टेबलावर चिकटवून ठेवायचा. निवडीसाठी वाडग्यातून दोन पट्ट्या उचलायच्या, सरस ती ठेवायची. क्रॉसओव्हरची (दोन पट्ट्यांच्या तुकड्यांची अदलाबदल) जागा 1 ते 9 मधली चिठ्ठी ठरवते, म्युटेशनचा (एक आकडा उलटवणं) चौकोन 1 ते 10 मधली. (प्रत्येक बिट, म्हणजे चौकोनातला 0 किंवा 1, एक दशांश संभाव्यतेने उलटणं आणि नेमका एकच बिट उलटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणीतरी टोकणारच, तेव्हा आधीच सांगून टाकावं.) चार जोड्यांतून आठ पिल्लं निघतात. त्यातलं सगळ्यात कमकुवत बाजूला काढून मागच्या पिढीतली सर्वोत्तम पट्टी आत. पहिल्या पिढीला दहा मिनिटं लागतात, पुढच्यांना सातेक. तासाभरात आठ पिढ्या होतात.

मर्यादा जपून ठेवा. एकूण माल 100 किलो असेल तर टेम्पोची क्षमता 55 ते 60 धरावी. 35 धरली तर सुरुवातीच्या आठ पट्ट्यांत एखाद-दुसरीच वैध निघते, कधी एकही नाही. जास्तीच्या वजनाला सरळ शून्य गुण दिले तर मग निवडायलाच काही उरत नाही. रूलेट व्हील (गुणांच्या प्रमाणात वाटे पाडून निवडणारं चाक) इथे आणू नये ते यासाठीच: सगळ्यांची फिटनेस शून्य असली तर चाकाला वाटेच पडत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या पिढीला सगळ्या पट्ट्या एकाखाली एक लावायला सांगा. एखाद्या रकान्यात, समजा सातव्या, आठही ठिकाणी शून्य दिसतं. आता कितीही क्रॉसओव्हर करा, तिथे एक येणार नाही, आलाच तर म्युटेशनमधून. हे बोट ठेवून दाखवता येतं, आणि शेजारच्या टेबलावर तोच रकाना जिवंत असतो. ‘आमचा का मेला?’ यावरून वाद सुरू होतो. पीपीएसएन या उत्क्रांती संगणनाच्या परिषदेत सगळे निबंध पोस्टरवरच मांडतात, तेही माणसं उभ्या-उभ्या भांडावीत म्हणूनच असावं.

चिठ्ठ्यांचे जाच आहेतच. पंखा बंद केला तर घामाच्या धारा, चालू ठेवला तर पट्ट्या उडतात. किनाऱ्यावरचे चपटे गोटे वजनाला ठेवा. दमट हवेत जेलपेन फिसकटतं, शिसपेन्सिल बरी. ‘1024 पर्यायच तर आहेत, सगळे तपासू की,’ असं कोणीतरी म्हणेल. बरोबर आहे, पण माल 40 प्रकारचा झाला की तेच पर्याय एक लाख कोटींच्या पलीकडे जातात. पावसाळी वेळापत्रकात गाडी उशिरा आल्याने अर्ध्यातून शिरलेला माणूस टेबलावर सहज सामावतो. नोटबुकच्या सत्रात तो शेवटपर्यंत मागेच राहतो.

श्रोते पीएचडी करणारे असतील किंवा विषय एनएसजीए-टू या अल्गोरिदमसारखा बहुउद्दिष्टी (एकाच वेळी अनेक उद्दिष्टं साधणारा) असेल तर लॅपटॉप टाळू नये. वर्चस्वाची क्रमवारी (कुठलं उत्तर कुठल्यापेक्षा सरस) हाताने लावता येते, क्राउडिंग डिस्टन्सला (शेजारच्या उत्तरांपासूनचं अंतर) मात्र जीव जातो. तरी दोन्ही जमत असेल तर चहाआधी चिठ्ठ्या, चहानंतर नोटबुक. आणि नोटबुकमध्ये रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा क्रमांक) म्हणून प्रत्येकाने आपला खुर्ची क्रमांक टाकावा: आलेख 36 वेगळे निघतात आणि कोणाचा बिघडला तर तोच क्रमांक टाकून मदतनिसाला तो पुन्हा जसाच्या तसा चालवून पाहता येतो.