प्रवासातलं खाणं: वेळापत्रक की भूक?

काही जण प्रवासातही घरचं जेवणाचं वेळापत्रक काटेकोर पाळतात, काही भुकेच्या कलाने खातात. इन्सुलिन घेणाऱ्या अनेकांना वेळा सांभाळाव्याच लागतात, तिथे वाद नाही. बाकीच्यांचं मात्र गाडी उशिरा सुटली की गणित कोलमडतं: आधी उपास, मग अधाशासारखं खाणं आणि वर दिवसभर मनाला टोचणी.

म्हणून मला भुकेचा कल जास्त पटतो. त्यालाही सराव हवाच. जागरणाने भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढू शकतं. रात्रभर प्रवास करून सुटलेली खा-खा कधीकधी झोपेची मागणी असते. सावकाश जेवा, पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. नवा पदार्थ आवडला तर खुशाल पुन्हा घ्या. भरपाई म्हणून पुढचं जेवण टाळू नका.