पहिलं कार्ड: डेबिट एटीएमपुरतं, खरेदीला एफडीवरचं क्रेडिट

बँकेत खातं उघडलं की डेबिट कार्ड न मागताच हातात पडतं. त्यामुळे नवख्या माणसाला ‘डेबिट की क्रेडिट’ असं निवडायचं नसतंच. डेबिट असतंच, जोडीला क्रेडिट घ्यायचं का आणि कुठलं, एवढंच ठरवायचं असतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. डेबिट कार्ड एटीएमसाठी ठेवा आणि खरेदीला मुदत ठेवीवर (एफडीवर) मिळणारं रुपे, म्हणजे देशी नेटवर्कचं, क्रेडिट कार्ड घ्या. दर महिन्याचं बिल पूर्ण फेडणं जमणार नसेल, तर मात्र क्रेडिट कार्डाच्या वाटेलाच जाऊ नका.

यूपीआय आल्यापासून डेबिट कार्डाचं काम बरंच आटलंय. एटीएममधून पैसे काढायचे आणि नव्या मोबाइलवर यूपीआय पिन लावताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे टाकायचे, एवढंच बहुतेकांचं होतं. तेवढ्यासाठी ‘प्लॅटिनम’ कार्डाची वार्षिक फी भरण्यात अर्थ नाही. शाखेत साधं रुपे कार्ड मागा. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात ३ आणि इतरत्र ५. या हिशेबात मुंबई महानगर धरली जाते, पुणे-नागपूर नाही. दुसऱ्याच्या एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार मोजला जातो. मोफतचा कोटा संपला की १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर कर. मशीनमधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ती परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची असते. चिठ्ठी निघाली असेल तर फेकू नका, एटीएमचा क्रमांक तिच्यावर असतो.

डेबिट कार्डाची खरी अडचण गैरव्यवहार झाला की कळते. जातो तो आपल्या बचत खात्यातला पैसा, घरभाड्याचा आणि हप्त्याचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपली चूक नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर नुकसान आपल्यावर येत नाही. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम खात्यात तात्पुरती दाखवायची असते. पण ते १० दिवस खातं रिकामंच. क्रेडिट कार्डावर हाच प्रकार झाला तर वाद बिलातल्या एका ओळीचा असतो, घरखर्चाचे पैसे जागेवर राहतात. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र दोन्ही कार्डांना न्याय सारखाच: तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

डेबिट कार्ड हातात आलं की पहिलं काम ॲपमधल्या कार्ड सेटिंगमध्ये करायचं. तिथं ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची अशी वेगवेगळी बटणं असतात. तिन्ही बंद ठेवा. टॅप सुरू असेल तर ५,००० रुपयांपर्यंत पिन न विचारताही पैसे जाऊ शकतात, आणि हरवलेलं कार्ड सापडणाऱ्याला ते पुरेसं असतं.

आता क्रेडिटकडे. पगाराची स्लिप नाही, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, काहीच नोंद नाही, अशा माणसाचा साध्या कार्डाचा अर्ज बहुधा नाकारला जातो. शिवाय प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या अहवालात दिसते, म्हणून चार बँकांत एकदम अर्ज टाकू नयेत. एफडीवरच्या कार्डाला उत्पन्नाचा दाखला सहसा लागत नाही, त्यामुळे विद्यार्थी, गृहिणी, नुकतेच नोकरीला लागलेले, सगळ्यांना ते जमतं. पॅन आणि आधार घेऊन जायचं, बँकेनं ठरवलेल्या किमान रकमेची एफडी करायची. बँक त्या ठेवीवर लीन लावते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि बँकेप्रमाणे ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के रकमेची खर्चमर्यादा कार्डावर देते. ठेवीवरचं व्याज नेहमीसारखं चालू राहतं. एफडी करताना ‘ऑटो रिन्यू’ला टिक आहे का पाहा, नाहीतर मुदत संपल्यावर कार्डही अडकतं. लीन असेपर्यंत ती एफडी मोडता येत नाही, म्हणून अडीअडचणीला ठेवलेले पैसे इथं गुंतवू नका. पतसंस्थेतली ठेव यासाठी चालत नाही. कार्ड देणाऱ्या बँकेतच ठेव लागते.

इथं एक गैरसमज फार दिसतो. ‘ठेव आहेच की, बिल राहिलं तर बँक त्यातून घेईल.’ घेईलही, पण शेवटी. तोवर थकबाकीची नोंद सिबिलला गेलेली असते आणि ज्या कारणासाठी कार्ड घेतलं त्यालाच डाग लागतो.

बिलाचं चक्र एकदा कागदावर मांडून बघा. बिल १२ जुलैला निघतं आणि भरायची शेवटची तारीख १ ऑगस्ट आहे असं धरा. १३ जूनला केलेल्या खरेदीला ४९ दिवस बिनव्याजी मिळतात, ११ जुलैच्या खरेदीला फक्त २१. पगार ७ तारखेला होत असेल तर १ तारखेची मुदत गैरसोयीची. बिलाची तारीख निदान एकदा बदलून मागता येते. ते पहिल्याच महिन्यात करून घ्या.

खरा सापळा बिलावरच्या ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम, या ओळीत आहे. १५ जूनला २०,००० ची खरेदी केली, १ ऑगस्टला बिलावरचे किमान १,००० भरले. दंड लागला नाही म्हणून माणूस निर्धास्त. व्याज मात्र १ ऑगस्टपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. महिना ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के दरानं २०,००० वर ४७ दिवसांचे १,१५९ रुपये, उरलेल्या १९,००० वर १२ ऑगस्टपर्यंतच्या ११ दिवसांचे २५८, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी २५५. एकूण १,६७२. म्हणजे हजार भरूनही पुढचं बिल २०,६७२ चं! त्यात भर म्हणजे बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, अगदी दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

त्यामुळे बिल आपोआप भरलं जाणारं ऑटोपे लावताना ‘टोटल अमाउंट ड्यू’, म्हणजे पूर्ण बिल, निवडलंय याची दोनदा खात्री करा. काही ॲपमध्ये ‘मिनिमम’ आधीच टिक केलेलं असतं. दुसऱ्या बँकेच्या खात्यावरून ऑटोपे लावलं तर मंजुरीला वेळ जातो, तेव्हा पहिलं बिल हातानंच भरा. तारीख चुकलीच तर ३ दिवसांच्या आत भरून टाका. मुदतीनंतर ३ दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही आणि थकबाकीची नोंदही करता येत नाही. क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख कधीही काढू नका: वेगळं शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज.

रुपेच का? २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे वाण्याच्या क्यूआरवरही चालतं. फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर. मित्राला किंवा घरमालकाच्या नंबरवर पैसे जात नाहीत. सोय मोठी, पण वडापावपासून सगळंच बिलात जमत जातं आणि महिनाअखेरीला आकडा बघून डोळे पांढरे होतात. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवा. २५,००० ची मर्यादा असेल तर ७,५०० पर्यंत. बिल निघण्याआधीच थोडी रक्कम भरली तरी चालतं.

फोनवरून गळ्यात मारला जाणारा ‘कार्ड प्रोटेक्शन प्लॅन’ नाकारा. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणाले तर ते लेखी किंवा ॲपमध्ये दिसतंय का बघा. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजावरचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी.

वर्षभर नीट बिलं भरली की सिबिलचा अहवाल काढा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मग साध्या कार्डासाठी अर्ज करा आणि ते हातात आल्यावरच एफडीवरचं बंद करा. बाकी शून्य करून बंद करण्याची विनंती लेखी द्या, पोच जपून ठेवा. ७ कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं आपल्याला द्यायचे असतात. एफडीवरचं लीन निघालं का, हे वेगळं विचारा. कार्ड बंद आणि ठेव अजून अडकलेली, असं होऊ शकतं.