व्यापारी वसुलीच्या दाव्यांचं वकील-ऑफिस, शिवाजीनगर : ४ तारे

माझं भोसरीत पावडर कोटिंगचं युनिट आहे. या मॅडमकडे मी आलो तो पहिल्या दाव्यात पोळून.

तेव्हाच्या वकिलांनी घाईत दावा लावला. बिलं जोडली, पण माल पोचल्याच्या सहीशिक्क्याची १४ चलनं माझ्या कपाटातच राहिली. "लागली तर पुराव्याच्या वेळी देऊ," म्हणाले. ३ लाख किंवा त्यावरच्या व्यापारी दाव्याला २०१५ चा कमर्शियल कोर्टाचा कायदा लागतो. तिथं हातातला प्रत्येक कागद वादपत्रासोबतच द्यायचा, वर 'याखेरीज माझ्याकडे काही नाही' असं शपथेवर सांगायचं. मी त्यावर न वाचता सही केली होती. दीड वर्षानं चलनं काढली, तर न्यायाधीशांनी एकच विचारलं, "दावा लावला तेव्हा ही कुठं होती?" उशिराला सबळ कारण लागतं, आमच्याकडे नव्हतं. चलनं घेतली नाहीत. माल मिळालाच नाही असं समोरच्यानं म्हटलं आणि माझे ६ लाख ३५ हजार बुडाले.

दुसऱ्या दाव्यासाठी या ऑफिसात आलो, तेव्हा पहिल्या दिवशी माझी कहाणी कुणी ऐकलीच नाही. मॅडमनी आधी कागद मागितले : ऑर्डरी, चलनं, गेटपास, टॅलीचा खातेउतारा, व्हॉट्सॲप. त्यांचा ज्युनियर दोन दिवस युनिटवर बसून फायली उपसत होता. व्हॉट्सॲपच्या प्रिंटला लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही तेव्हाच केलं.

त्यात माझाच एक मेल निघाला. २१० नगांचं कोटिंग सुटलं, हे मी पार्टीला, म्हणजे ज्या गिऱ्हाइकावर दावा आहे त्याला, लिहून दिलं होतं. हा बाहेरच राहू द्या, म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "दादा, आपल्या विरुद्धचा कागदही द्यावाच लागतो. लपवायचा असेल तर दुसरा वकील बघा." मग त्यांनी चेंगलवराय नायडूंचा खटला सांगितला. वादीनं स्वतःच लिहून दिलेलं हक्कसोडपत्र दडवून वाटपाचा हुकूम मिळवला होता. १९९३ साली सुप्रीम कोर्टानं त्याला कोर्टाची फसवणूक म्हटलं आणि मिळवलेला हुकूमच रद्दबातल ठरवला. मी गप्प बसलो. मेल लावला, त्या नगांची रक्कम दाव्यातून वजा केली. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तोच मेल काढला, तेव्हा मी सरळ सांगू शकलो की तो आमच्याच यादीत आहे, अनुक्रमांक ३१.

आता पार्टीच्या आवक रजिस्टरसाठी नोटीस दिली आहे. पुरेसं कारण न देता त्यांनी ते दडवलं तर कोर्ट त्यांच्या विरुद्ध अर्थ काढू शकतं आणि खर्चही लावू शकतं.

एक तारा कापला तो फोनसाठी. मॅडम कोर्टात असल्या की संध्याकाळी सातपर्यंत कुणी उचलत नाही, आणि तारखेच्या दिवशी अशिलाचा जीव टांगणीला असतो. स्कॅनिंगचे पैसे वेगळे घेतात, पण पावती देतात. जाताना चलनांची मूळ पुस्तकंच न्या, झेरॉक्स चालवून घेत नाहीत.