मॅम टॉर : गाडीने खिंडीपर्यंत की रेल्वेने ईडेलपर्यंत?

इंग्लंडच्या डर्बीशायरमधील मॅम टॉर या डोंगरावर जायचे ठरले की आधी निवडायचे असते ते वाहन, कारण वाट त्यावरूनच ठरते. मॅम निक या खिंडीजवळच्या वाहनतळावर गाडी लावली, तर दगडी पायऱ्यांनी साधारण वीस मिनिटांत ५१७ मीटर उंचीचा माथा गाठता येतो. रेल्वेने गेल्यास मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरील ईडेल स्थानकात उतरून डोंगरधारेवरील हॉलिन्स क्रॉसपर्यंत चढावे लागते आणि तेथून धारेने माथ्याकडे वळावे लागते.

खिंडीची वाट सोपी आहे. माझे आई-बाबा नाशिकहून आले होते तेव्हा याच वाटेने सावकाश वर पोहोचले आणि कांस्ययुगाच्या अखेरच्या काळातील वस्तीभोवतीची मातीची तटबंदी व खंदक पाहत बाबा बराच वेळ रेंगाळले. ईडेलहून हा चढ त्यांना झेपला नसता.

माझे मत बदलले ते मात्र वाहनतळामुळे. पायथ्याच्या कॅसलटन गावाहून वर येणारा जुना रस्ता डोंगर सतत घसरत राहिल्याने १९७९ मध्ये कायमचा बंद झाला; त्यामुळे त्या बाजूच्या गाड्यांना विनॅट्स पासच्या अरुंद, उभ्या चढाच्या घळीतूनच यावे लागते. मे महिन्यातील एका लख्ख शनिवारी त्या घळीत, पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेक ओढत-सोडत आम्ही पाऊण तास काढला, वर पोहोचलो तर वाहनतळ भरलेला, आणि जागा सुटेल या आशेने दोन फेऱ्या मारून शेवटी डोंगरावर पाऊलही न ठेवता घरी परतलो. असे त्या वर्षात दुसऱ्यांदा घडले होते. इतरांचा अनुभव कदाचित बरा असेल, पण सुट्टीच्या दिवशी मी तो धोका आता पत्करत नाही.

रेल्वेलाही शनिवार-रविवारी गर्दी असते आणि गाडी चुकली तर बराच वेळ खोळंबावे लागते. पावसानंतर शेतांमधील पायवाट चिखलाची होते, आणि स्थानकापासून माथ्यापर्यंत मला दीड तास लागतो. तरीही हॉलिन्स क्रॉसवर पोहोचताच पलीकडचे होप खोरे एकदम उघडते आणि उजवीकडे वळल्यावर मॅम टॉरची तुटलेली कडा समोर येते. वालुकाश्माखालचे शेल खडकाचे ठिसूळ थर पाण्याने कमकुवत होऊन घसरत राहतात, म्हणूनच या डोंगराला ‘थरथरता डोंगर’ म्हणतात, हे त्या कडेकडे पाहत चालताना नीट उमगते. खिंडीकडून चढणारा डोंगराच्या पाठीवरून जातो, त्याला चढताना हे रूप दिसत नाही. शिवाय गाडीकडे परतायचे नसल्याने त्याच धारेने मागे फिरून, बॅक टॉर व लूज हिल ओलांडून, होप स्थानकात उतरता येते.

मी आता तेथे गाडी नेतो ती आई-बाबा आलेले असतानाच, आणि तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी नवाच्या आत.