जीटी २१० डिस्प्ले कार्ड, आठ महिने आणि एक खोडरबर

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिकांचं काम जास्त, त्यातही एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यासाठीचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर, चालतं आणि ते डोंगल लावायला लागणारं जाड प्रिंटर पोर्ट माझ्या जुन्या कोअर टू ड्युओ कॉम्प्युटरलाच आहे. त्यामुळे ‘नवा घ्या की ओ’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

गेल्या जुलैत, पाऊस आठवडाभर हटला नव्हता तेव्हा, सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, मॉनिटरचा दिवा पिवळाच राहिला आणि आतून एक लांब, दोन आखूड बीप. बीपचे अर्थ बायोसप्रमाणे (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) बदलतात. माझा अवॉर्ड कंपनीचा, त्यात याचा अर्थ डिस्प्लेत गडबड. बेळगावातल्या एका दुकानात मशीन न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं. मी ते तसंच उचलून बसमधून परत आणलं.

घरी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. धाकटीचा खोडरबर घेऊन घासला, चुरा फुंकरला, एकच पट्टी लावली. चालू! ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचाच, डिस्प्ले स्वतःची मेमरी रॅममधूनच घेतो, म्हणून रॅमचा सांधा बिघडला तरी स्क्रीन काळी होते.

पण आनंद दोन दिवसांचा. स्क्रीनवर उभे पट्टे आले आणि विंडोज सात लोगोवरच थांबायला लागलं. एफ आठ दाबून सेफ मोडमध्ये (कमीत कमी गोष्टींवर चालणारं विंडोज) मात्र उघडायचं, पट्ट्यांसकट. बायोसच्या स्क्रीनवरही पट्टे होते, म्हणजे दोष विंडोजचा नव्हता, ऑनबोर्ड डिस्प्लेचाच होता. मग जुन्या बाजारातून ९०० रुपयांना एक जीबीचं जीटी २१० कार्ड आणलं. हे कार्ड २००९ सालचं. वेगळी पॉवरची वायर लागत नाही, वीज जेमतेम तीस वॅट, त्यामुळे जुना एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) चालतो. कॅबिनेट बारीक असेल तर मात्र आखूड पट्टीचं कार्ड बघूनच घ्या.

पहिल्या दिवशी काहीच दिसेना. अर्धा तास रॅम काढ-घाल केल्यावर लक्षात आलं, की मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टात! दुसरी ठेच ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. नेटवरून मिळेल तो टाकला तर लोगोनंतर काळोख. सेफ मोडमधून तो काढला आणि या पिढीच्या कार्डासाठी आलेला शेवटचा, ३४२.०१, टाकला. तेव्हापासून १२८० बाय १०२४ वर अक्षरं एकदम ठसठशीत.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात कार्डाचा इवलासा पंखा घरघरायला लागला. स्टिकर सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, गप्प झाला. यूट्यूब वरच्या क्वालिटीला अडखळतं, पण मला पत्रिका छापायच्यात, सिनेमा बघायचा नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डिसेंबरात. रात्रभर वीज नव्हती, सकाळी पुन्हा काळी स्क्रीन. कार्ड गेलं समजून केबल जुन्या पोर्टात खुपसली, तर तेच ओळखीचे पट्टे! बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २००९. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला होता. वीज गेली की सेटिंग पुसलं जायचं आणि माझा बोर्ड पुन्हा ऑनबोर्ड डिस्प्ले धरायचा. घड्याळवाल्याकडून सेल आणला, ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’मध्ये ‘पीईजी’, म्हणजे वेगळं लावलेलं कार्ड, निवडलं, सेव्ह केलं. तेव्हापासून एकदाही अडलं नाही.

ऑनबोर्ड डिस्प्लेच गेला असेल तर हे कार्ड जरूर घ्या. पण आधी खोडरबर आणि सेल, मग ९०० रुपये. माझा खोडरबर कॅबिनेटवरच असतो. चित्रकलेच्या तासाला धाकटी घेऊन जाते, तेवढे दिवस सोडून.