फ्लश टाकीच्या नावावर 3600 ला चुना, त्यात 400 "अडचणीच्या जागेचे"!

मंडळी, नागपुरात मे महिन्यात सकाळी सकाळी छतावरची टाकी रिकामी दिसली की पहिला संशय कूलरवरच जाते. आम्हीपण आठ दिवस कूलरलाच शिव्या घातल्या, त्याचा फ्लोट (पाणी भरलं की नळ बंद करणारा तरंगता गोळा) सुद्धा बदलला. मग एका रात्री लाईट गेली, कूलर थांबला अन् त्या शांततेत जिन्याखालच्या टॉयलेटमधून बारीक सूंऽऽ आवाज ऐकू आला. फ्लश टाकी रात्रभर गळत होती अन् भरत होती.

आमचं घर मानेवाड्याकडे, जुनं. जिन्याखालच्या त्या टॉयलेटमध्ये मान वाकडी करूनच जावं लागते अन् टाकी पार कोपऱ्यात, म्हणून म्हटलं आपण नको, प्लंबर बोलवू. ओळखीचा गावाला गेलेला. मोबाईलवर शोधून एक नंबर मिळाला, त्यानं सामानाचे म्हणून 2000 आधीच यूपीआयनं मागितले अन् मी शहाण्यानं टाकले.

माणूस आला, एकदम गोड बोलणारा. "भाऊ, तुम्ही बाहेरच थांबा, आत दोघं मावत नाही, उजेड अडते." दार लोटून घेतलं. मधेच बादली द्या, मधेच जुनं फडकं द्या, मधेच आईला म्हणे चहा मिळेल का काकू. पाऊण तासानं बाहेर येऊन दाखवलं, आत पांढराशुभ्र वॉल्व्ह (बटण दाबलं की पाणी सोडणारा भाग), आवाज बंद. हिशोब: कंपनीचा वॉल्व्ह 2400, मजुरी 800 अन् अडचणीच्या जागेचे 400. जुना वॉल्व्ह कुठंय विचारलं तर "तो तुटला, कचऱ्यात टाकतो मी". बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा लागेल भाऊ". उरलेले 1600 रोख दिले, विषय संपला असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, फ्लश टाकी भरायला अर्धा तास का लागते? पाहतो तर टाकीत पाणी सोडणारा खालचा अँगल कॉक जेमतेम उघडा ठेवलेला. पाणी थेंबथेंब येत होतं म्हणून आवाज नव्हता, बाकी गळती होती तशीच. कॉक पूर्ण उघडला की पुन्हा सूंऽऽ.

मग बाबांनीच झाकण काढलं. मागच्या दिवाळीत त्या वॉल्व्हची क्लिप तुटली होती तेव्हा बाबांनी वॉल्व्हच्याच ओव्हरफ्लोच्या नळीला (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या) तांब्याची तार गुंडाळली होती. तार गायब, पण प्लास्टिकवर तिचे हिरवट वेढे तसेच, तीन. म्हणजे आमचाच वॉल्व्ह ॲसिडनं घासून परत बसवला होता! बाबा काही बोलले नाही, फक्त टॉर्च त्या डागावर धरून ठेवला.

खरं काम बघा किती होतं. टाकीत चिमूटभर नीळ टाकायची, अर्धा तास फ्लश करायचं नाही, भांड्यात निळं पाणी उतरलं तर खालचा वॉशर गेला समजा. आणि टाकी भरली तरी आतला नळ बंदच होत नाही, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहते, तर दोष फ्लोटचा. आमचं निळं उतरलं. कॉक बंद करून टाकी रिकामी केली, वॉल्व्ह थोडा डावीकडे फिरवला की निघाला, जिन्यामुळे तिरपा करून काढावा लागला एवढंच. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं वॉशर बिस्किटासारखा कडक झालेला. हार्डवेअरच्या दुकानात जुना दाखवून नवीन घेतला, 50 रुपये. बसायच्या जागेवरचा थर भांड्याच्या घासणीनं काढला, वॉशर लावला, झालं. कोपर सोलला तेवढा.

कोणाला बोलवायचंच असेल तर आधी झाकण उघडून आतला फोटो काढून ठेवा अन् जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. 1915 वर ग्राहक तक्रार करता येते, पण माझ्याकडे ना बिल ना त्याचा पत्ता, फक्त 2000 ची यूपीआयची नोंद.

माझ्या नंबरवरून तो फोन उचलत नाही. काल बायकोच्या फोनवरून लावला तर दुसऱ्याच रिंगला उचलला, "हो ताई, येतो ना, सामानाचे 2000 टाकून ठेवा."